लहान ट्रॅक्टरचा अडकलेला पार्किंग ब्रेक : दोष कोठे शोधावा, कसा सोडवावा

भातलावणी आटोपली, की चिखलणीसाठी महिनाभर राबलेला लहान ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली येऊन उभा राहतो. चाके धुतली जातात, पार्किंग ब्रेक लावला जातो आणि चावी खुंटीवर अडकवली जाते. पुढे दिवाळीच्या सुमारास रब्बीच्या मशागतीसाठी तो बाहेर काढावयाचा, तर इंजिन सुरू होते, गियर पडतो, पण क्लच सोडताच ट्रॅक्टर एक हिसका देऊन बंद पडतो. ब्रेक सुटलेला नसतो. मिस्त्री तालुक्याच्या गावी असतो व तो दोन दिवसांनी येणार असतो. इकडे जमिनीतील ओल रोज कमी होत असते. अशा वेळी गावात जे उपाय सुचविले जातात ते बहुधा दोनच : मोठा ट्रॅक्टर आणून ओढणे, नाही तर खाली शिरून हातोडा मारणे. पहिल्याने यंत्राची हानी होते आणि दुसऱ्याने माणसाच्या जिवाला धोका निर्माण होतो.

हा विषय केवळ मिस्त्रीचा नाही. द्राक्ष, डाळिंब व संत्र्याच्या बागांतील ओळींमधून, कोकण-मावळातील लहान खाचरांतून आणि कापसाच्या आंतरमशागतीसाठी साधारणतः १५ ते २५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर राज्यात रुळले आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर व त्याची उपसाधने देण्यात आली. २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारे बँका उभ्या राहिल्या. याचा अर्थ असा, की एकच ट्रॅक्टर अनेकांच्या हातून जातो. ज्याने ब्रेक लावून ठेवला तो आणि ज्याला तो सोडवावा लागतो तो, हे पुष्कळदा एक नसतात. म्हणून गटाचे पदाधिकारी, पंचायत सदस्य आणि शाळेत यंत्रांचे साधे धडे देणारे शिक्षक यांनाही या ब्रेकची रचना ठाऊक असणे उपयोगाचे आहे.

ब्रेक कोठे असतो व कसा धरतो

पार्किंग ब्रेक म्हणजे एक स्वतंत्र ब्रेक, अशी अनेकांची समजूत असते. मोटारगाडीच्या हातब्रेकवरून ती झाली असावी. आपल्याकडील बहुतेक लहान ट्रॅक्टरांत तसे नसते. चालकाच्या उजव्या पायाशी दोन ब्रेक पेडले असतात. डावे पेडल डाव्या मागच्या चाकाचा आणि उजवे पेडल उजव्या मागच्या चाकाचा ब्रेक लावते. शेताच्या टोकाला आखूड वळण घेताना एकच बाजू रोखता यावी, म्हणून ती वेगळी ठेवलेली असतात. रस्त्यावर मात्र ती पट्टीने एकमेकांस जोडावयाची असतात. पार्किंग ब्रेक म्हणजे ही पेडले दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवणारा एक खटका होय. पेडल पूर्ण दाबून खटक्याचा दांडा ओढला, की खटक्याचे टोक दातेरी पट्टीच्या एका दातात बसते. मग पाय काढून घेतला तरी पुढच्या सळयांतील ताण कायम राहतो. काही ट्रॅक्टरांना हाताचा स्वतंत्र दांडा व तारेची केबल असते, परंतु तीही शेवटी त्याच ब्रेकपर्यंत जाऊन पोचते.

यातून दोन गोष्टी निघतात. पेडले जोडलेली नसताना खटका लावला, तर एकाच चाकाचा ब्रेक लागलेला असण्याचा संभव असतो आणि उतारावर तेवढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे असते. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ‘पार्किंग ब्रेक अडकला’ ही तक्रार एकच असली, तरी तिचे मूळ खटक्यापासून चाकापर्यंतच्या वाटेवर कोठेही असू शकते. ही वाट अशी आहे : खटका, पेडल, पेडल ज्या दांड्यावर झुलते तो दांडा, पेडलापासून मागे जाणारी सळई, सळईच्या टोकाची पिन, ब्रेकच्या पेटीबाहेरील लहान तरफ, आणि पेटीच्या आत प्रत्यक्ष घर्षण करणारे भाग.

आतील भागांचे आपल्याकडे तीन प्रकार आढळतात. जुन्या ट्रॅक्टरांत ड्रम असतो. तरफ फिरली की कॅम फिरतो आणि लायनर लावलेले दोन शू ड्रमला आतून दाबले जातात. दुसरा प्रकार कोरड्या डिस्कचा. त्यात दोन पोलादी चकत्यांच्या मध्ये उतरत्या खाचा असून त्यांत पोलादी गोळ्या बसविलेल्या असतात. पेडल दाबले, की चकत्या एकमेकींच्या विरुद्ध दिशांना किंचित फिरतात, गोळ्या खाचेच्या उथळ भागाकडे चढतात आणि चकत्या दूर सारल्या जाऊन दोन्ही बाजूंच्या डिस्कवर दाबल्या जातात. पेडल सोडल्यावर स्प्रिंगा चकत्यांना पुन्हा जवळ ओढतात. तिसरा प्रकार तेलात बुडालेल्या डिस्कचा. नव्या ट्रॅक्टरांत हा अधिक आढळतो आणि चिखलाच्या कामाला तो विशेष मानवतो, कारण डिस्क बाहेरच्या चिखलपाण्यापासून बंदिस्त असतात. आपल्या ट्रॅक्टरला यांपैकी कोणता ब्रेक आहे, हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका ट्रॅक्टर घेतल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहिलेली असते, हा भाग वेगळा.

आधी चाके जखडावीत

दुरुस्तीच्या खटाटोपात नेमकी जी गोष्ट विसरली जाते ती अशी, की अडकलेला ब्रेक हाच त्या घटकेला ट्रॅक्टरला धरून ठेवणारा एकमेव भाग असू शकतो. तो सुटावा म्हणून आपण झटत असतो, आणि तो सुटला म्हणजे ट्रॅक्टर मोकळा होतो. हिशेब सोपा आहे व शिक्षकांना तो फळ्यावर मांडून दाखविता येईल. ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो आणि जमिनीचा चढ १० फुटांत १ फूट धरला, तर उताराच्या दिशेने वजनाचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे ८० किलोंच्या जवळपास जोर सतत कार्य करीत असतो. मऊ जमिनीचा अटकाव त्यातून वजा केला, तरी चाकाशी ओणवा बसलेला माणूस तो हातांनी थोपवू शकत नाही. शिवाय डोळ्यांना सपाट वाटणाऱ्या अंगणालाही पाणी वाहून जाण्यापुरता उतार ठेवलेला असतोच.

मावळातील एका गावी प्रस्तुत लेखकाने हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला आहे. बचत गटाचा ट्रॅक्टर खळ्याच्या कडेला चार महिने उभा होता. खटका सुटेना म्हणून चालकाने जमिनीवर उभे राहून, मागच्या चाकाच्या पुढ्यातच, खटक्यावर पान्याचे दोन घाव घातले. दुसऱ्या घावाला खटका सुटला व ट्रॅक्टर पुढे सरकला. मागे जोडलेला रोटाव्हेटर जमिनीवर टेकलेला होता, म्हणून हातभर सरकून तो थांबला आणि चालकाच्या पोटरीला चाकाचा नुसता स्पर्श झाला. रोटाव्हेटर मुद्दाम टेकविलेला नव्हता. हायड्रॉलिकचे तेल हळूहळू उतरून तो आपोआप खाली आलेला होता. केवळ योगायोगाने त्या दिवशी अपघात टळला.

म्हणून ब्रेकला हात लावण्यापूर्वी पुढील तयारी झालीच पाहिजे. जोडलेले अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून चावी काढून खिशात ठेवावी आणि दोन्ही मागच्या चाकांना पुढून व मागून उटी लावावी. चालक ज्याला उटी म्हणतात तो रस्त्यावरचा गोल धोंडा या कामी पुरेसा नाही, कारण तो चाकाबरोबर गडगडतो. बाभळीच्या किंवा तत्सम टणक लाकडाचे चार तिरपे ठोकळे सुताराकडून एकदाच कापून घ्यावेत व ते ट्रॅक्टरबरोबरच ठेवावेत. त्यांना थोडी दोरी बांधलेली असली, तर चाकाजवळ हात न नेता ते ओढून काढता येतात. ठोकळे लागल्यावरच गियर न्यूट्रलमध्ये आणावा. बघ्यांना, विशेषतः मुलांना, उताराच्या बाजूला उभे राहू देऊ नये. ट्रॉली जोडलेली असल्यास तिच्या चाकांनाही उटी लावून मग ती सोडवून घ्यावी.

दोष ब्रेकचाच आहे काय ?

ट्रॅक्टर हलत नाही म्हणजे ब्रेकच अडकला, असे धरून चालणे बरोबर नाही. क्लच सोडताना इंजिनावर भार येऊन ते दबते व बंद पडते, तेव्हा पुढे काही तरी चाक रोखून धरीत आहे, असे समजावे. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन पूर्वीच्याच सुरात चालत राहिले, तर चाकांपर्यंत शक्ती पोचतच नाही. अशा वेळी दोष क्लचमध्ये किंवा गियर नीट न पडण्यात असतो आणि ब्रेक उघडून काही हाती लागत नाही. रोटाव्हेटर मातीत रुतलेला असून त्याची शक्ती जोडलेली राहिली असेल, तरीही इंजिन दबते. तेव्हा तेवढे आधी पाहून घ्यावे.

ब्रेक पूर्ण न अडकता अर्धवट घासत राहणे हा प्रकार तर अधिक आढळतो, आणि तो अधिक काळ दुर्लक्षित राहतो. ट्रॅक्टर चालतो, पण नेहमीच्या गियरात ओढत नाही, डिझेल जास्त लागते, सरळ रस्त्यावर तो एका बाजूला झुकतो व थोड्या वेळाने जळका वास येतो. थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या ब्रेकपेट्यांजवळ हाताची मागची बाजू नेली, तर एक पेटी दुसरीपेक्षा स्पष्टपणे तापलेली जाणवते. पेटीला एकदम तळहात लावू नये.

वाट अर्ध्यावर तोडून पाहावी

पुष्कळ मिस्त्री सवयीने थेट चाक उतरवितात. आमच्या मते पेडलापासून चाकाकडे जावे आणि वाटेत हालचाल कोठे थांबते ते पाहावे. बाहेरचे दोष फुकटात किंवा अल्प खर्चात निघतात. आतले दोष निघण्यास दिवस आणि पैसा दोन्ही लागतात.

आरंभ खटक्यापासून करावा. येथे नवशिक्याची नेहमीची चूक अशी, की तो नुसता दांडा खाली ढकलीत राहतो. दातात बसलेल्या टोकावर सळयांचा सर्व ताण आलेला असतो, म्हणून ते टोक दांड्याने निघत नाही. चालकाने आसनावर नीट बसून दोन्ही पेडले एकत्र, लावताना दाबली होती त्याहूनही अधिक जोराने दाबावीत. त्यामुळे दातावरचा ताण निघतो, आणि मग दांडा बोटांनी खाली जातो. ‘अडकलेले’ काही ब्रेक एवढ्यानेच मोकळे होतात. इतके करूनही खटका निघत नसेल, तर त्यात वाळलेला चिखल व भाताचे तूस अडकलेले असते. तारेच्या ब्रशाने व थोड्या रॉकेलने तो भाग स्वच्छ करावा आणि पुन्हा पेडल दाबून पाहावे. घाव घालू नये. दाताची धार मोडली, तर ब्रेक आज सुटेल, परंतु पुढे तो लागलेला राहील याची खात्री उरणार नाही.

खटका सुटला, पण पेडल वर आले नाही, तर बोटाच्या आकाराची परत ओढणारी स्प्रिंग जागेवर आहे का ते पाहावे. ही स्प्रिंग ताणून सैल होते, तुटते, किंवा गवतात गुंतून निखळून पडते. तिच्याऐवजी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. ही पट्टी चार दिवस काम देते, नंतर ताणून राहते, आणि ब्रेक पूर्ण न सुटता घासू लागतो. स्प्रिंग शाबूत असूनही पेडल जड वाटत असेल, तर पेडल ज्या दांड्यावर झुलते तो गंजला आहे असे समजावे. त्या दांड्याला बहुधा ग्रीस भरण्याचे निपल असते. ते चिखलाने झाकले गेल्यामुळे अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. निपल पुसून, जुने काळे ग्रीस बाहेर येऊ लागेपर्यंत नवे भरावे व पेडल वारंवार वरखाली करावे.

एवढ्यानेही उलगडा न झाल्यास वाट अर्ध्यावर तोडावी. सळई जेथे ब्रेकपेटीच्या तरफेला जोडलेली असते, तेथील पिनेचा कॉटर काढून पिन बाहेर घ्यावी. सळईत ताण असेल, तर पिन निघताना ती उसळते, म्हणून बोटे मध्ये ठेवू नयेत. पिन स्वतःच गंजून घट्ट बसलेली असण्याचाही संभव असतो आणि अशा वेळी दोष तेथेच सापडतो. पिन निघाल्यानंतर त्या बाजूला ब्रेक राहत नाही, तेव्हा ठोकळे जागेवर आहेत ना, याची पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी.

आता निर्णय सोपा होतो. पेडल व सळई जड असून पेटीची तरफ हाताने हलते व परत येते, तर दोष बाहेर आहे. सळई मोकळी हलते, पण तरफ जागची हलत नाही किंवा हललेली परत येत नाही, तर दोष पेटीत आहे. ज्यांना विहिरीच्या पाइपातील गळती शोधण्याचा अनुभव आहे त्यांना ही रीत नवी नाही. पाणी मधल्या सांध्यापर्यंत येते की नाही, हे ते आधी पाहतात.

दोन्ही बाजू मोकळ्या असूनही पिन परत घातल्यावर चाक धरले जात असेल, तर सळईची लांबी चुकीने बांधलेली असते. ब्रेक कमी लागतो म्हणून कोणी तरी नट फिरवून सळई आखूड केलेली असते आणि पेडलाची मोकळी चाल संपून गेलेली असते. पेडल हाताने दाबले असता आरंभी काही अंतर ते विनाअडथळा गेले पाहिजे. ते अंतर किती असावे हे प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. दोन्ही पेडलांची चाल सारखी ठेवणे तितकेच आवश्यक आहे. ती सारखी नसेल, तर रस्त्यावर जोरात ब्रेक लावताच ट्रॅक्टर एका बाजूला वळतो.

पेटीच्या आतील दोष

तरफ जिच्यावर बसलेली असते ती कॅमची दांडी पेटीत शिरते तेथे गंजते. चिखलणीचे पाणी तेथूनच आत जाते. गंज सोडविणाऱ्या तेलाचे काही थेंब दांडीच्या कडेला टाकावेत, तासभर थांबावे आणि लाकडी हातोड्याने हलकेच ठोकीत तरफ दोन्ही बाजूंना थोडी थोडी हलवावी. थेंब म्हणजे थेंबच. डबा रिकामा केला, तर तेल लायनरपर्यंत पोचते. मग अडकणारा ब्रेक घसरणारा ब्रेक होतो, आणि तो दोष पहिल्यापेक्षा वाईट होय.

तरफ मोकळी झाली, पण चाक मोकळे झाले नाही, तर लायनर ड्रमला किंवा डिस्कला गंजाने चिकटले आहेत असे समजावे. ओल्या ट्रॅक्टरचा ब्रेक लावून तो आठवडेच्या आठवडे उभा ठेवला, म्हणजे ही स्थिती हटकून येते, कारण दाबून धरलेल्या दोन पृष्ठभागांमधील ओल वाळण्यास वावच नसतो. अशा वेळी सळईच्या नटाने ब्रेक पूर्ण सैल करावा आणि सपाट जागी, ठोकळे चाकांपासून वीतभर दूर सरकवून, सर्वांत हळू गियरात ट्रॅक्टर इंजिनाच्या जोरावर किंचित पुढे व किंचित मागे नेण्याचा प्रयत्न करावा. इंजिन धिमे ठेवून क्लच सावकाश सोडावा. चालक आसनावर असावा आणि आसपास कोणी नसावे. चार-पाच प्रयत्नांत ‘खट्’ असा आवाज होऊन चाक सुटते. गोळ्यांच्या डिस्क-ब्रेकलाही हा उपाय लागू पडतो, कारण ज्या दिशेने चकत्या ताणल्या गेल्या तिच्या उलट हालचाल मिळाली, की गोळ्या खाचेत परत उतरतात. पाच प्रयत्नांत चाक सुटले नाही, तर सहावा करू नये. क्लच जाळून ब्रेक सोडविण्यात शहाणपण नाही.

कोणत्या बाजूचा ब्रेक धरतो आहे हे निश्चित करण्यासाठी एकेक मागचे चाक उचलून पाहावे लागते. हे काम कठीण जमिनीवरच करावे. पुढची दोन्ही चाके व न उचललेले मागचे चाक यांना उटी लावावी. ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यावर झुलता असतो. मागचे एक चाक उचलले, की सांगाडा कलतो, म्हणून आस व सांगाडा यांमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात. जॅकवर उचलल्यानंतर भार मजबूत ठोकळ्यांच्या थरावर उतरवावा, विटांवर कधीही उतरवू नये. गियर न्यूट्रलमध्ये व डिफरन्शियल लॉक सुटलेले असेल, तर मोकळे चाक हाताने फिरते आणि धरलेले फिरत नाही.

यापुढचे काम मिस्त्रीचे आहे. पेटी उघडल्यावर गोळ्यांच्या खाचांत गंजाचे खड्डे पडलेले, स्प्रिंगा ताणलेल्या किंवा लायनर सुटून त्याचा तुकडा पाचरीसारखा अडकलेला आढळतो. खड्डे पडलेल्या चकत्या पॉलिश कागदाने घासून पुन्हा बसविल्या, तर पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार परत येते. त्या बदलणेच स्वस्त पडते. आणखी एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगावी. पेटीतील काळी भुकटी हवेच्या नळीने फुंकून उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरलेले असे व त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

तेलात बुडालेल्या ब्रेकची पेटी गावात उघडू नये. तथापि एक तपासणी कोणालाही करता येते. मागच्या पेटीतील तेलाची मोजकाठी बाहेर काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे. चिखलणीच्या काळात आसाच्या सीलमधून किंवा झाकणाच्या हवेच्या छिद्रातून ते जाते. असे तेल तसेच राहू दिले, तर डिस्कच नव्हेत, गियरही गंजतात. तेल बदलताना पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच घालावे. या ब्रेकसाठी तेलाची जात महत्त्वाची असते, आणि दुकानात जे हाताशी असेल ते ओतल्यास ब्रेक कर्कश आवाज करू लागतो व डिस्क लवकर झिजतात.

ओढून नेण्याबद्दल

ब्रेक लागलेला ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढल्यास चाके न फिरता फरफटतात, किंवा एक चाक फिरते व दुसरे धरून राहते. त्यात टायर झिजतात, लायनर तापून त्यांचे तुकडे उडतात. याहून मोठा धोका ओढणाऱ्याला असतो. दोर उंचावर, वरच्या जोडणीच्या ठिकाणी बांधला, तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे पुढचे तोंड उचलले जाऊन तो मागे उलथू शकतो. दोर तुटला, तर त्याचे टोक चाबकासारखे येते. वाट अडली म्हणून ट्रॅक्टर हलविणे अगदीच भाग असेल, तर आधी ब्रेकच्या सळयांच्या पिना काढून चाके फिरतात याची खात्री करावी, दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधावा, आणि ब्रेकविना असलेला तो ट्रॅक्टर केवळ सपाट जागीच पाच-पंचवीस पावले न्यावा.

उभा ठेवण्याची रीत

मावळातील त्या गटाच्या ट्रॅक्टरचा दोष शेवटी काय निघाला, ते सांगितले पाहिजे. पेडलाचा दांडा गंजलेला होता आणि डाव्या बाजूचे लायनर ड्रमला चिकटले होते. दुरुस्तीला एक सकाळ लागली. खर्च स्प्रिंग, ग्रीस व दोन कॉटर इतकाच झाला. परंतु त्याआधी आठ दिवस ट्रॅक्टर बंद राहिला होता व त्या आठ दिवसांची हरभऱ्याची पेरणी गटातील सभासदांनी बाहेरून भाड्याने करून घेतली होती. नोंदवही चाळली, तेव्हा शेवटची नोंद लावणीच्या अखेरच्या दिवसाची होती. ‘धुऊन ठेवला’ एवढेच तीत होते. म्हणजे ट्रॅक्टर ओला असतानाच ब्रेक लावला गेला होता.

धुतल्यानंतर ट्रॅक्टर थोडा फिरवून आणावा व मोकळ्या रस्त्यावर हळू चालवीत ब्रेक चार-सहा वेळा हलकेच दाबावा. घर्षणाच्या उष्णतेने कोरड्या ब्रेकमधील पाणी निघून जाते. आठवड्याहून अधिक काळ उभा ठेवावयाचा असेल, तर पार्किंग ब्रेक लावून ठेवू नये. सपाट जागा निवडावी, अवजार टेकवावे, इंजिन बंद असताना हळू गियर पाडून ठेवावा, चारही ठोकळे लावावेत आणि मगच ब्रेक सोडावा. पुढच्या माणसाला कळावे म्हणून ‘ब्रेक सोडलेला आहे, ठोकळे काढू नयेत’ अशी पाटी सुकाणूला बांधावी. अवजारे बँकेने ट्रॅक्टर देता-घेताना डिझेलची पातळी व तासांचा आकडा जसा लिहून घेतला जातो, तसेच पेडलाची मोकळी चाल, दोन्ही स्प्रिंगा व चार ठोकळे यांचीही नोंद घेणे इष्ट होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तेथील निदेशकांना पावसाळ्याच्या अखेरीस एक दिवस गावी बोलावून पेडलापासून ब्रेकपेटीपर्यंतची वाट गटाच्या सर्व चालकांना हाताने तपासावयास लावली, तर पुष्कळ काम होईल.

दुरुस्ती झाल्यावर ट्रॅक्टर लगेच कामाला जुंपू नये. सुमारे पाचशे पावले ब्रेक न लावता चालवून दोन्ही पेट्या सारख्याच कोमट आहेत का ते पाहावे. नंतर वर्दळ नसलेल्या हलक्या चढावर ठोकळे मागच्या चाकांच्या खालच्या बाजूला वीतभर अंतरावर आधीच ठेवून द्यावेत, पेडले जोडून खटका लावावा, गियर न्यूट्रलमध्ये आणावा आणि पेडलावर पाय तयार ठेवून ट्रॅक्टर जागचा हलतो का याची काही मिनिटे परीक्षा करावी. मग त्याचे तोंड उताराकडे करून पुन्हा तेच करावे. ही परीक्षा ट्रॉली जोडून घेऊ नये. आपल्याकडील बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, आणि भरलेल्या ट्रॉलीचे वजन लहान ट्रॅक्टरच्या कित्येक पट असते.